मावशीचा पेट स्कॅन आणि ग्लुकोज-6-फॉस्फेट

मागच्या महिन्यात मावशीचा पेट स्कॅन (PET, पोटाचा नव्हे; शरीरात साखर कुठे जास्त ओढली जाते ते दाखवणारा स्कॅन) झाला, इथे इंदूरलाच. रविवारची सकाळ, घरात पोहे-जिलबी आलेली आणि ती उपाशी. इंजेक्शन दिल्यावर तासभर पडून राहायचं, बोलायचं पण नाही. नंतर मला विचारते, अरे बोलल्याने असं काय होणार होतं? खरंच चांगला प्रश्न आहे, म्हणून लिहितोय.

जिलबीतली साखर आणि मैदा पचून ग्लुकोज होतं, ते रक्तातून पेशीत शिरतं. पण शिरलं तसं परत बाहेरही जाऊ शकतं, दार दोन्हीकडून उघडं. म्हणून आत आल्या आल्या हेक्सोकायनेज नावाचं एन्झाइम एक एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं नाणंच म्हणा) खर्च करून त्याच्या सहाव्या कार्बनला फॉस्फेट चिकटवतं. झालं ग्लुकोज-6-फॉस्फेट, त्यावर निगेटिव्ह चार्ज, आता त्या दारातून निघणं नाही. मग जाळा, ग्लायकोजेन करून साठवा, काय हवं ते करा. लिव्हरकडे मात्र हे फॉस्फेट काढायचं एन्झाइम असतं, म्हणून एकादशीला आपण उपाशी राहिलो तरी रक्तातली साखर टिकते. काही बाळांमध्ये ते जन्मतःच नसतं, हे कोरी या बायोकेमिस्ट पती-पत्नींनी 1952 साली दाखवलं.

आता इंजेक्शन. त्यातलं एफडीजी म्हणजे ग्लुकोजच, फक्त दुसऱ्या कार्बनवर रेडिओअॅक्टिव्ह फ्लोरिन-18. त्यालाही फॉस्फेट लागतं, पण पुढची पायरी जमत नाही, त्यामुळे ते तिथेच साठतं. कॅन्सरच्या बऱ्याच पेशी साखर भराभर ओढतात म्हणून स्कॅनवर चमकतात. पण हललेला स्नायूसुद्धा ओढतो, बोललं की गळ्याचे स्नायू चमकणार आणि डॉक्टरांचा गोंधळ होणार. मावशीला हे एकदम पटलं.

लॅबमध्ये शुगर मोजायच्या एका पद्धतीतही हेच, आधी ग्लुकोजला फॉस्फेट लावायचं, मग जी-6-पीडी (ग्लुकोज-6-फॉस्फेटवर पुढचं काम करणारं एन्झाइम) टाकून तयार झालेलं एनएडीपीएच नावाचं रसायन 340 नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजायचं.

आणि हे जी-6-पीडी सगळ्यांनी लक्षात ठेवा प्लीज. लाल पेशींना तेच सांभाळतं, आणि जगात जवळपास 40 कोटी लोकांमध्ये ते कमी असतं, बहुतेकांना माहीतही नसतं. व्हायव्हॅक्स या प्रकारच्या मलेरियावर प्रायमाक्विन नावाची गोळी देतात, अशा माणसाच्या लाल पेशी त्याने फुटू शकतात, लघवी गडद काळपट होते. घरात कोणाला ती गोळी लिहून दिली तर आधी डॉक्टरांना जी-6-पीडी टेस्टबद्दल विचारा.