रेखांकनातली मोकळी जागा: प्लेगपासून महारेरापर्यंत

एखाद्या नियोजित गृहप्रकल्पाचं रेखांकन मंजुरीसाठी आलं की तपासणाऱ्याची नजर आधी नकाशाच्या कडेला असलेल्या क्षेत्रफळाच्या तक्त्याकडे जाते. सात-बाराचं क्षेत्र, मोजणीचं क्षेत्र, रस्तारुंदीत जाणारं क्षेत्र, खुली जागा, अनुज्ञेय एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा), प्रस्तावित बांधकाम. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली की अर्धी लढाई जिंकली. इमारती कुठल्या दिशेला तोंड करून आहेत, उतार कुठे आहे, पावसाचं पाणी कुठून जाणार, हे प्रश्न त्यानंतरचे. हा क्रम पहिल्यापासून असा नव्हता. आपल्याकडे ही तपासणी सुरू झाली ती बांधलेल्या जागेपासून नव्हे, तर दोन इमारतींमध्ये सोडलेल्या जागेपासून.

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला. १८८८चा महापालिका कायदा तोवर लागू होता आणि बांधकामाची सूचना पालिकेला देणं बंधनकारकही होतं. तरी चाळीला चाळ चिकटून उभी राहतच होती. मधल्या गल्ल्या हातभर रुंद आणि आतल्या खोल्यांत दिवसाही दिवा, अशी अवस्था. प्लेगचं कारण उंदीर आणि पिसवा हे तेव्हा पुरतं उलगडलेलं नव्हतं. दोष कोंदट हवेवर आणि अंधारावर गेला. निदान अर्धवट होतं, पण त्यातून झालेलं काम मोठं. १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने नागपाडा आणि मांडवी-कोळीवाड्यात पाडापाडी केली, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले, आणि उत्तरेला दादर, माटुंगा, शीवपर्यंतची मोकळी जमीन आखायला घेतली.

या ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी एका नियमाचा पिच्छा पुरवला: साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. तळमजल्यावरच्या खोलीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढायची. जमिनीशी तिचा कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त होता कामा नये. भूमितीत हा कोन म्हणजे एकास दोन. समोरची इमारत ६० फूट उंच, तर मध्ये ३० फूट मोकळं. कागदावर पट्टी आणि कोनमापक ठेवून कुणीही तपासावा इतका सोपा नियम. त्याचं केंद्र खालच्या मजल्यावर राहणारा माणूस होता, हे मला त्याचं खरं मोठेपण वाटतं. आज आपण उंची वरून मोजतो आणि ‘व्ह्यू’ वरच्या मजल्याला विकतो.

दादरची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पाच उद्यानं ही ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेची फळं. पारशी कॉलनीसाठी मंचेरजी जोशी यांनी ट्रस्टकडून १०३ भूखंड राखून घेतले आणि मध्यमवर्गीयांसाठी तळ अधिक दोन मजल्यांची वस्ती उभी केली. दुसरीकडे १९२०च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने बीडीडीच्या २०७ चाळी बांधल्या. तिथे कामगारांची सोय घाईने आणि कमी खर्चात पाहिली गेली. एकाच शहरात, जवळपास एकाच काळात दोन प्रकारची रेखांकनं झाली. घरात उजेड किती यायचा, हे राहणाऱ्याच्या ऐपतीवर ठरलं.

१९१५च्या मुंबई नगररचना कायद्याने आखणीचं क्षेत्र शहराच्या वेशीबाहेर नेलं. शेतकऱ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि खुल्या जागा काढून घ्यायच्या, उरलेले चौकोनी भूखंड परत द्यायचे, अशी ही पद्धत. पुण्यात भांबुर्ड्याचं, म्हणजे आजच्या शिवाजीनगरचं बरंच रूप तिने घडवलं. १९५४च्या कायद्याने विकास आराखडा सक्तीचा केला आणि १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने तो सगळ्या राज्याला लावला. कलम ४४ खाली अर्ज, ४५ खाली मंजुरी: पुण्या-नाशिकच्या आर्किटेक्टच्या तोंडी आजही हीच कलमं आहेत. मुंबईत मात्र १८८८च्या कायद्याचं ३४६ कलमही चालू राहिलं. तिथे पालिका आधी त्रुटींचं पत्र देते, त्यातल्या अटी पुऱ्या केल्या की जोता उभारायची परवानगी मिळते.

खरं वळण १९६४चं. मुंबईच्या पहिल्या विकास आराखड्यासोबत चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजेच एफएसआय आला. बेटावर जास्त, उपनगरात कमी. शहरात किती माणसं मावतील, पाणी किती लागेल याचा अंदाज बांधायला हा आकडा उपयोगी होता, त्यात गैर काही नाही. पण आकडा एकदा आला की तो जमिनीचा भाव होतो. तपासणीची भाषाच बदलली. कोनाची जागा गुणाकाराने घेतली.

१९९१च्या मुंबई विकास नियंत्रण नियमावलीत हा बदल स्पष्ट दिसतो. बाजूचं आणि मागचं सामासिक अंतर, म्हणजे इमारत आणि भूखंडाची हद्द यांमधली मोकळी जागा, इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश, कमाल २० मीटर. मोठ्या भूखंडात करमणुकीसाठी खुली जागा: एक हजार चौरस मीटरच्या वर १५ टक्के, अडीच हजारांच्या वर २०, दहा हजारांच्या वर २५. नियम चांगलेच होते. पण त्याच पुस्तकात, शेवटाकडे, आयुक्तांना अडचणीच्या प्रकरणात कुठलंही मोजमाप शिथिल करण्याचा अधिकार होता. एफएसआय तेवढा त्यातून वगळलेला. म्हणजे दोन इमारतींमधली हवा वाटाघाटीची आणि चौरस फूट पवित्र. प्रीमियम, म्हणजे पालिकेचं जादा शुल्क, भरून सामासिक अंतरातली तूट माफ करून घेणं ही मुंबईत मग अपवादाची गोष्ट राहिली नाही. एफएसआयमध्ये न मोजल्या जाणाऱ्या गोष्टींनी नकाशे फुगले: फ्लॉवर बेड, डक्ट, कोनाडे, दुमजली बाल्कन्या. जानेवारी २०१२मध्ये हे सगळं मोजणीत धरलं गेलं आणि बदल्यात ३५ टक्के फंजिबल, म्हणजे हवा तसा वापरता येणारा जादा, एफएसआय विकत घेण्याची सोय झाली. निदान लपवाछपवी तरी संपली.

खुल्या जागेचं दुखणं यापेक्षा जुनं आहे. रेखांकनात ती शोधायची असेल तर भूखंडाचा सर्वांत बेडौल कोपरा पाहावा: नाल्याकडेचा त्रिकोण, उच्चदाब तारांखालची पट्टी, नाहीतर ट्रान्सफॉर्मरमागचा तुकडा. इमारती, पार्किंग, रॅम्प, क्लबहाऊस बसवून उरलेलं ते हिरवं रंगवायचं. तेही पुरेना तेव्हा ही बाग पोडियमवर चढली, खाली तीन मजले गाड्या आणि वर गवत. दादरच्या कोहिनूर मिलच्या जागेवरच्या प्रकल्पावरून हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १७ डिसेंबर २०१३ रोजी न्यायालयाने सांगितलं की नियमाने आवश्यक तेवढी करमणुकीची जागा जमिनीवरच हवी. पोडियमवर जे कराल ते त्याशिवायचं. अग्निशमनाची गाडी फिरायला किमान सहा मीटर मोकळं अंतर हवं, हेही त्याच निकालात आलं. शिडीची जड गाडी आत येऊन वळू शकते का, हा रेखांकनातला सर्वांत साधा प्रश्न. तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सोडवावा लागला.

पाण्याची गोष्ट पुण्यात घडली. आंबिल ओढ्याचा प्रवाह पेशवाईत नानासाहेबांनी वळवला होता. पुढे त्याच्या काठाने सोसायट्या वाढल्या, प्रत्येकीची सीमाभिंत ओढ्याला खेटून. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला. अरण्येश्वर, सहकारनगर भागात भिंती फुटल्या आणि माणसं वाहून गेली. नदीसाठी निळी आणि लाल पूररेषा आखलेली असते. ओढ्याचं तसं नाही. नकाशावर तो अनेकदा नुसती तुटक रेघ असतो, आणि तुटक रेघ सरकवणं सोपं.

२ डिसेंबर २०२० रोजी मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं वगळून राज्यभर एकच नियमावली लागू झाली. चार हजार चौरस मीटर आणि त्यापुढच्या रेखांकनात १० टक्के खुली जागा, हे तिचं मुख्य सूत्र. नकाशे आता संगणक वाचतो, प्रत्येक रेघ ठरलेल्या थरावर हवी. बेरीज चुकत नाही हा फायदा. बाग नाल्याकडेला का टाकली, हे मात्र तो विचारत नाही.

खरेदीदाराचा संबंध येतो तो वेगळ्या वाटेने. फ्लॅटविक्रीचं नियमन करणाऱ्या १९६३च्या मोफा कायद्यात मंजूर नकाशा फ्लॅटधारकांच्या संमतीविना बदलता येत नव्हता. १९८६मध्ये ७-अ कलम घालून रेखांकनातल्या जादा इमारतींसाठी ही अट काढली गेली, तीही पूर्वलक्षी प्रभावाने. नंतर बाग म्हणून दाखवलेल्या जागी ‘डी विंग’ उभी राहिल्याची भांडणं वर्षानुवर्षं चालली. २००७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मधुविहार सोसायटीच्या प्रकरणात म्हटलं की विकासकाने संपूर्ण रेखांकन सुरुवातीलाच उघड केलं पाहिजे. २०१६च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमनाच्या, कायद्याने बदलासाठी दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती घातली.

शेजाऱ्याला मात्र यात जागाच नाही. विकास आराखड्यावर हरकती घेता येतात. २०१५मध्ये मुंबईचा मसुदा अशा हजारो हरकतींनंतर सरकारने मागे घेतला. एका प्रकल्पाच्या रेखांकनावर तशी सुनावणी होत नाही. २००६च्या पर्यावरण अधिसूचनेने २० हजार चौरस मीटरवरच्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी लावली, पण जनसुनावणीतून सगळे गृहप्रकल्प वगळले. त्यामुळे बाजूच्या सोसायटीला नवं रेखांकन दिसतं ते महारेराच्या, म्हणजे राज्यातल्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी झाल्यावर, म्हणजे मंजुरीचा शिक्का पडून गेल्यानंतर.