कोड आणि थायरॉईड: तपासणीच्या चिठ्ठीमागचा इतिहास

कोडाचा रुग्ण पहिल्यांदा दाखवायला आला की मलम आणि गोळ्यांच्या खाली रक्ततपासणीचीही एक ओळ हमखास येते: टीएसएच, म्हणजे थायरॉईडला काम करायला लावणारं आणि थायरॉईड कमी पडला की वाढणारं संप्रेरक, आणि पुष्कळदा त्याच्या शेजारीच अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉईडविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटीबॉडीज (प्रतिपिंडं). डाग कातडीवर आणि तपासणी गळ्यातल्या ग्रंथीची, याचं घरच्यांना नवल वाटतं. त्वचारोगतज्ज्ञांना आता त्याचं काही वाटत नाही. पण ही पद्धत फार जुनी नाही, आणि त्या ओळीतल्या दुसऱ्या तपासणीबद्दल अजून एकमत झालेलं नाही.

दोन्ही आजारांची ओळख स्वतंत्रपणे फार आधीची आहे. अथर्ववेदात किलास आहे, चरकसंहितेत श्वित्र आहे, ही कोडाचीच जुनी नावं, आणि बावचीचा वापरही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. थायरॉईड वाढून डोळे पुढे येणाऱ्या आजाराचं, म्हणजे ग्रेव्ह्जचं, वर्णन १८३५ साली आयर्लंडमधून आलं. ग्रंथीत पांढऱ्या पेशी ठासून भरल्याने होणाऱ्या सुजेचं वर्णन १९१२ साली हाशिमोटो या जपानी शल्यविशारदाने चार स्त्रियांच्या ग्रंथींवरून केलं. मधल्या काळात, १८५५ साली, लंडनच्या अ‍ॅडिसन नावाच्या डॉक्टराने मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रीनल ग्रंथींच्या आजाराचं पुस्तक काढलं. त्यातल्या चित्रांत काळवंडलेल्या कातडीत पांढरे चट्टेही दिसतात. ग्रंथी बिघडते तेव्हा कातडीचा रंगही जातो, ही शंका तेव्हापासूनची. मात्र ती शंका पडताळून पाहायला त्या वेळी कुणाकडे साधन नव्हतं.

खरी सुरुवात १९५६ची. त्या एका वर्षात तीन ठिकाणी तीन गोष्टी घडल्या. अमेरिकेत बफेलोला सशांना सशाच्याच थायरॉईडचा अर्क टोचला गेला. त्यांच्या रक्तात त्या ग्रंथीविरुद्ध अँटीबॉडीज तयार झाल्या आणि त्यांच्या ग्रंथींना सूज आली. शरीर स्वतःच्याच अवयवावर उलटत नाही, ही तोवरची पक्की समजूत तिथे मोडली. लंडनमध्ये हाशिमोटोच्या रुग्णांच्या रक्तात तशाच अँटीबॉडीज सापडल्या. आणि न्यूझीलंडच्या डनेडिनमध्ये ग्रेव्ह्जच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉईडला बराच वेळ चेतवत राहणारा एक घटक मिळाला, जो पुढे अँटीबॉडीच ठरला. ऑटोइम्यून, म्हणजे शरीराने स्वतःवरच उलटणं, हा शब्द आज सगळ्यांच्या तोंडी आहे, पण त्याला ठोस पाया मिळाला तो या ग्रंथीमुळे. कोडाकडे त्या नजरेने पाहायला लोक त्यानंतर लागले.

तरीही संबंध मोजता येत नव्हता, कारण थायरॉईडच नीट मोजता येत नव्हता. रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं आयोडीन मोजायचं किंवा निवांत पडलेला माणूस किती प्राणवायू वापरतो ते पाहायचं, एवढीच सोय होती. १९६५मध्ये टीएसएच रक्तात मोजण्याची पद्धत आली आणि ज्यांना काहीच त्रास जाणवत नाही अशांमधली कमतरताही पकडता येऊ लागली. १९८०च्या आसपास अनेक ग्रंथींच्या ऑटोइम्यून आजारांची वर्गवारी झाली. अ‍ॅड्रीनल शाबूत आणि थायरॉईड बिघडलेला, अशा तिसऱ्या गटात कोडाला जागा मिळाली.

याच काळात दुसरं एक स्पष्टीकरण चलतीत होतं. कातडीचं मेलॅनिन आणि थायरॉईडची संप्रेरकं, दोन्ही टायरोसिन या एकाच अमिनो आम्लापासून बनतात. तेव्हा कच्च्या मालाच्या पातळीवरच काही बिघडत असावं, असा तो तर्क. शिकवायला सोपा, ऐकायला पटणारा. पण ज्यांच्या अंगावर एकही डाग नाही अशा नातेवाइकांतही थायरॉईडचे आजार जास्त का, याचं उत्तर त्यात नव्हतं. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत उत्तर अमेरिका आणि ब्रिटनमधले २,६२४ रुग्ण आणि त्यांची कुटुंबं तपासली गेली. थायरॉईडबरोबरच पर्निशियस अ‍ॅनिमिया, अ‍ॅडिसन आणि ल्युपस हे दुसरे ऑटोइम्यून आजारही या घरांत जास्त निघाले. २००७ साली सतराव्या गुणसूत्रावरचा एक जनुक हाती लागला. २०१०च्या जनुकीय शोधात सापडलेल्या जागांपैकी बहुतेक रोगप्रतिकारशक्तीशी निगडित होत्या. वेगळी दिसणारी जागा होती टायरोसिनेजची, म्हणजे मेलॅनिन बनवणाऱ्या एन्झाइमची. आज असं मानलं जातं की या एन्झाइमसारखी रंगपेशींची खास प्रथिनं पाहूनच टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकाराच्या पांढऱ्या पेशी, त्यांना हेरतात. इंटरफेरॉन-गॅमा हा संदेशवाहक रेणू त्या टी-पेशींना कातडीत बोलावत राहतो. हाच मार्ग अडवणाऱ्या मलमाला अमेरिकेत जुलै २०२२मध्ये मंजुरी मिळाली.

संबंध आहे, यावर वाद उरलेला नाही. वाद आहे तो तपासायचं काय यावर.

२००८मध्ये ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शनात प्रौढ रुग्णांची थायरॉईड तपासणी करण्याचा विचार व्हावा असं म्हटलं गेलं. २०१२ साली ४८ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. कोडाच्या रुग्णांत थायरॉईडचा कुठला तरी आजार सरासरी १५.१ टक्के, अँटीबॉडीज २०.८ टक्के. कोड नसलेल्यांच्या तुलनेत ऑटोइम्यून थायरॉईडचा धोका अडीचपट, अँटीबॉडीज सापडण्याची शक्यता पाचपट. यातला 'पाचपट' लोकांच्या लक्षात राहिला. प्रत्येक रुग्णाची अँटी-टीपीओ करावी, या आग्रहाला त्याने बळ दिलं.

पण हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लागू करता येत नाहीत. २०१३मध्ये मुंबई आणि गोव्यासह आठ भारतीय शहरांतल्या ५,३७६ प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात हायपोथायरॉईड, म्हणजे थायरॉईडचं काम कमी पडलेले, १०.९५ टक्के आणि अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह २१.८५ टक्के निघाले. कोडासाठी निवडलेली ही माणसं नव्हती, आणि तरी हा आकडा २०१२च्या कोडाच्या सरासरीएवढाच भरतो. चाचण्यांच्या पद्धती वेगळ्या असल्याने थेट तुलना करू नये, हे खरं. पण जिथे साध्या रांगेतला दर पाचवा माणूस पॉझिटिव्ह निघतो, तिथे कोडाच्या रुग्णाचा पॉझिटिव्ह अहवाल फारसं नवीन काही सांगत नाही.

शिवाय पॉझिटिव्ह निघाल्यावर करायचं काय? इंग्लंडच्या ईशान्य भागात १९७२ ते ७४ दरम्यान २,७७९ प्रौढांची पाहणी झाली आणि वीस वर्षांनी त्यांना पुन्हा तपासलं गेलं. फक्त अँटीबॉडीज असलेल्या स्त्रियांत दरवर्षी सुमारे २.१ टक्क्यांना हायपोथायरॉईड झाला. टीएसएचही वाढलेला असेल तर ४.३ टक्क्यांना. टीएसएच व्यवस्थित असताना नुसत्या अँटीबॉडीजसाठी गोळी सहसा देत नाहीत. गरोदरपणाचं काय, असं विचारलं जातं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत थायरॉईडचं काम ठीक पण अँटीबॉडीज पॉझिटिव्ह अशा ९५२ स्त्रिया होत्या. त्यांतल्या निम्म्यांना थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची गोळी, दिलं, तरी जिवंत बाळ होण्याचं प्रमाण वाढलं नाही. आणि थायरॉईडच्या गोळीने डाग भरून येतात, ही आशा रुग्णाच्या मनात कुणी पेरू नये.

अँटी-टीपीओच्या बाजूनेही मुद्दा आहे. आपले रुग्ण वर्षावर्षाने परत येतीलच असं नाही. कुणाला आवर्जून बोलवायचं हे त्या एका तपासणीवरून कळतं, असं तिच्या बाजूचे डॉक्टर सांगतात. ते चूक नाहीत. मात्र अहवाल घरी जातो तेव्हा तो 'पाठपुराव्याची गरज' म्हणून वाचला जात नाही. 'हिला थायरॉईडपण निघाला' असं होतं. कोडाच्या मुलीचं स्थळ आधीच अडलेलं असतं, त्यात ज्यासाठी आज उपचाराची गरज नाही आणि जो कदाचित कधी होणारही नाही असा दुसरा आजार तिच्या नावावर लागतो. हा तोटा कुठल्याच टक्केवारीत येत नाही, आणि मला तो लहान वाटत नाही. २०१९च्या ब्रिटिश थायरॉईड मार्गदर्शनात ऑटोइम्यून आजार असलेल्यांना थायरॉईडची तपासणी द्यावी, प्रौढांमध्ये टीएसएच वाढलेला दिसला तर अँटी-टीपीओचा विचार करावा आणि ती पुन्हापुन्हा करू नये, असा क्रम लावला आहे. आपल्याकडेही तोच क्रम योग्य ठरेल: आधी टीएसएच, लक्षणं दिसली किंवा बाळाचा विचार असेल तेव्हा पुन्हा टीएसएच, आणि अँटी-टीपीओ गरज पडली तरच.

कोडाच्या प्रकाराचाही यात संबंध आहे. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखं येणारं, लहान वयात सुरू होऊन काही काळाने थांबणारं कोड २०११-१२च्या आंतरराष्ट्रीय सहमतीत स्वतंत्र मानलं गेलं. थायरॉईडचा संबंध मुख्यतः दोन्ही बाजूंना पसरणाऱ्या कोडाशी आहे. जुन्या अभ्यासांत दोन्ही एकत्र मोजलेले असत, आणि चिठ्ठीवर आजही दोघांना तीच ओळ मिळते.

अलीकडे एक नवीनच घोळ सुरू झाला आहे. केस आणि त्वचेसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात, पुष्कळदा स्वतःच्या मनाने. काही यंत्रांवरच्या चाचण्यांत बायोटिनमुळे टीएसएच खोटाच कमी आणि टी-फोर, म्हणजे थायरॉईडचं संप्रेरक, खोटाच जास्त येतो. कागदावर ग्रेव्ह्ज दिसतो आणि रुग्णाला काहीच झालेलं नसतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने नोव्हेंबर २०१७मध्ये याबद्दल इशारा दिला. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवायला सांगतात. त्यामुळे टीएसएच लिहून देतानाच 'केसांची गोळी चालू आहे का' हे रुग्णाला विचारून घेतलेलं बरं.