ब्रेक की लीश: स्की आणि सर्फबोर्ड पायातून सुटतात तेव्हा

पेडणे तालुक्यात सर्फिंग शिकलेली पोरं बर्फात गेली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्कीला लीश, म्हणजे पायाला बांधायची दोरी, का नसते? आश्वे-मांद्रेच्या पाण्यात लीश न बांधता बोर्ड घेऊन निघालात तर शिकवणारा मागे बोलावतो. बर्फात मात्र दोन्ही कडांना पोलादी पट्टी असलेली तीनेक किलोची स्की पायातून सुटणार आणि तिला कशाचाच बांध नाही? बांध असतो, पण तो टाचेखाली दडलेला असतो. त्याला ब्रेक म्हणतात. स्की करणाऱ्याचा वेग कमी करण्याशी त्याचा काही संबंध नाही.

दुसरा प्रश्न जरा उशिरा येतो आणि तो जास्त अवघड आहे: ब्रेक सारखा वाकत असेल, तर तो काढून लीशच का बांधू नये? माझा एक मावसभाऊ इंग्लंडमधल्या स्विंडनला असतो. मिल्टन कीन्सच्या इनडोअर बर्फावर रेल आणि बॉक्सवर, म्हणजे बर्फात रोवलेल्या लोखंडी दांड्यांवर आणि पेट्यांवर, घसरायचं वेड त्याला लागलंय. सुट्टीत घरी आला तेव्हा मांद्र्यातल्या चहाच्या गाड्यावर त्याने आपल्या स्कीचा फोटो दाखवला. ब्रेकचा एक हात बाहेरच्या बाजूला वाकलेला, दुसऱ्याच्या टोकाची प्लास्टिकची टोपी गायब. शेजारी बसलेला सर्फिंगवाला दोस्त म्हणाला, "काड तो ब्रेक. लीश बांद मरे, सोंपलें!"

असं करू नये, हे माझं मत आधीच सांगून टाकतो. कारणं मात्र सावकाश बघण्यासारखी आहेत, कारण वरवर पाहिलं तर दोन्ही वस्तूंचं काम एकच आहे: सुटलेलं सामान पळू न देणं. उतारावरून मोकळी सुटलेली स्की खाली उभ्या माणसाचा पाय मोडू शकते आणि लाटेने फेकलेला मोकळा बोर्ड आंघोळ करणाऱ्याचं डोकं फोडू शकतो. फरक एवढाच की लीश वस्तूला तुमच्यापाशी ठेवते, तर ब्रेक तिला पडल्या जागी रोखतो, मग तुम्ही गडगडत कुठेही जा.

ब्रेक हातात घेऊन पाहिला तर त्याची रचना उंदराच्या सापळ्यासारखी वाटते. मध्ये एक पेडल, दोन्ही बाजूंना जाड पोलादी तारेचे दोन हात, आणि त्यांना खाली ढकलणारी स्प्रिंग. बूट बाइंडिंगमध्ये, म्हणजे त्याला स्कीवर धरून ठेवणाऱ्या खटक्यात, बसला की टाच पेडल दाबते. मग हात वर उचलले जातात आणि स्कीच्या वरच्या अंगाला, शेपटीकडे, म्हणजे मागच्या टोकाकडे, तोंड करून, आत ओढले जातात. बूट निसटला की स्प्रिंग मोकळी होते, हात खटकन स्कीच्या तळाखाली जातात आणि त्यांची टोकं बर्फात रुततात. बास. त्याला ना चालवणाऱ्याचं भान लागतं, ना हाताची हालचाल. अंगठ्याने पेडल दाबून सोडून बघा, खटका कोरडा आणि ठाम वाजला पाहिजे. हात आळसावल्यासारखे खाली आले तर त्या स्कीवर उतारावर जाऊ नका.

लीश कशी असते ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. मागच्या पायाच्या घोट्याला वेल्क्रोचा पट्टा, पुढे साधारण बोर्डाच्याच लांबीची युरेथेनची दोरी, दोन्हीकडे पीळ सोडवणारे स्विवेल, आणि बोर्डाच्या शेपटीत रुतवलेल्या प्लगला बांधलेली बारीक गाठ. आज ती इतकी अंगवळणी पडली आहे, पण सुरुवातीला तिच्यावर खूप टीका झाली होती. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझमध्ये 1970 च्या सुमारास पॅट ओ'नील याने ही कल्पना पुढे आणली. त्या वेळी दोरी म्हणून ताणणारी रबरी नळी वापरत. 1971 मध्ये त्याच्याच वडिलांच्या, म्हणजे वेटसूटवाल्या जॅक ओ'नील यांच्या, डाव्या डोळ्यावर लीशने परत खेचलेला बोर्ड आदळला आणि तो डोळा गेला. त्यांच्या डोळ्यावरची काळी पट्टी पुढे त्यांची ओळखच झाली. बांधलेली वस्तू परत येते, आणि कुठे येईल ते आपल्या हातात नसतं, हे लीशच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून खरं आहे.

पाण्यात हा धोका आपण पत्करतो, कारण त्या बदल्यात खूप काही मिळतं. बोर्ड हाच तुमचा तराफा असतो, तो हरवला तर परतीचं पोहणं भारी पडतं. पाणी त्याचा वेग खातं आणि लांब दोरी त्याला डोक्यापासून बऱ्यापैकी दूर ठेवते. बर्फावर यातलं काहीच नसतं. स्की तरंगवत नाही, पट्टा आखूड असतो, आणि पडलेला माणूस थांबण्याआधी चार-पाच कोलांट्या खाऊ शकतो. त्या प्रत्येक कोलांटीबरोबर पायाला बांधलेली स्की गरगर फिरते आणि तिच्या धारदार कडा कधी मांडीवर, कधी चेहऱ्यावर बसतात. ही काल्पनिक भीती नाही. पडताना आपोआप सुटणारी बाइंडिंग आल्यानंतर आणि ब्रेक येण्याआधी, स्कीला खरोखरच असे पट्टे लावत असत आणि त्या जखमा डॉक्टरांच्या ओळखीच्या होत्या. 1970 च्या दशकात ब्रेक आले तसे पट्टे मागे पडले. आज बहुतेक रिसॉर्टमध्ये स्कीला ब्रेक किंवा पट्टा यांपैकी काहीतरी असणं सक्तीचं असतं, आणि अशा साधनांसाठी आयएसओ 11087 हे स्वतंत्र मानकही आहे.

लीश बर्फातून पूर्णपणे गेलेली नाही. डोंगर चढून जाणाऱ्या टूरिंग स्कीवर, जिथे वजनाचा प्रत्येक ग्रॅम मोजला जातो, ब्रेकऐवजी बारीक लीश वापरणारे बरेच आहेत. तिथे एक स्की दरीत गेली तर परत येणंच मुश्कील होतं, त्यामुळे त्यांचं गणित वेगळं असतं. पण हिमस्खलनात बांधलेली स्की नांगराचं काम करते आणि माणसाला खाली ओढते. म्हणून त्या लीशमध्ये ठराविक ताणाला तुटणारा कमकुवत दुवा मुद्दाम ठेवतात. या धोक्याची बहीण आपल्याकडेही आहे. शापोराच्या पात्रात उभं राहून वल्हवायचा बोर्ड घेऊन जाणाऱ्यांनी घोट्याला साधी लीश बांधू नये. खारफुटीच्या मुळात किंवा मासेमारीच्या खुंटात ती अडकली आणि ओहोटीची ओढ लागली, तर वाकून घोट्यापर्यंत हात पोचत नाही. वाहत्या पाण्यात कमरेला झटक्यात सुटणारा पट्टा लागतो. समुद्रात सर्फ करताना जी लीश वाचवते, तीच नदीत बुडवू शकते.

आता मावसभावाच्या वाकलेल्या ब्रेककडे येऊ. सर्फिंगवाल्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. लीश झिजते ती आपलं काम करताना. प्रत्येक वेळी पडलात की तिला एक हिसका बसतो, आणि तुम्ही नीट उभे असता तेव्हा ती मागे आरामात वाहत असते. ब्रेकचं बरोबर उलटं असतं. त्याचं खरं काम दिवसातून काही क्षणांचं असतं, पण मार तो दिवसभर खातो, आणि तोही काम नसताना, वर उचललेल्या अवस्थेत.

साध्या उतारावर हा मार फारसा नसतो, तिथे एकच ब्रेक वर्षानुवर्षं टिकतो. फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे उड्या आणि कसरतींच्या स्कीत, चित्र बदलतं. 2014 च्या सोची ऑलिम्पिकपासून स्लोपस्टाइल (रेल आणि उड्यांचा उतार) आणि हाफपाइप (अर्ध्या नळीसारखी बर्फाची घळ) हे स्कीचे ऑलिम्पिक प्रकार झाले आणि त्यांची नक्कल करणारी पोरं जगभर वाढली. रेलवर स्की आडवी करून घसरताना लोखंड पायाच्या मधोमध, बाइंडिंगच्या पुढच्या आणि मागच्या भागांच्या मध्ये असावं लागतं. वजन थोडं मागे गेलं की रेलची कड टाचेकडे सरकते आणि तिथे बाहेर डोकावणाऱ्या ब्रेकच्या हाताला ठोकते. शरीराचं सगळं वजन आणि वेग एका बोटभर तारेवर येतो. तार वाकते. एखाद्या वेळी टोकाची प्लास्टिकची टोपी उडते, थंडीत प्लास्टिक कडक झालेलं असतं म्हणून ते तडकायला फार जोर लागत नाही.

स्विच म्हणजे उलट्या दिशेने उतरणं, हा दुसरा शत्रू. एरवी ब्रेकची टोकं शेपटीकडे असतात, वारा आणि बर्फ त्यांच्यावरून गुळगुळीत निघून जातात. उलटं उतरताना तीच टोकं पुढे होतात. मऊ बर्फात शेपटी जरा दाबली गेली की ती बर्फ खणायला लागतात आणि तो ताण बिजागरीच्या जागेवर येतो. शिवाय उडीनंतर दोन्ही पाय जवळ पडले तर एका स्कीचा ब्रेक दुसरीच्या कडेवर किंवा तिच्या ब्रेकवर बसतो. वाहून नेतानाही दोन स्की तळाला तळ लावून ब्रेकमध्ये ब्रेक अडकवून धरतात. ती सोय चांगली आहे, पण रोज धसमुसळेपणाने ओढल्या की तेवढ्यानेही हात फाकतात.

यात रुंदीचा घोळ भर घालतो. ब्रेकची रुंदी मिलिमीटरमध्ये दिलेली असते, आणि ती स्कीच्या मधल्या, म्हणजे बाइंडिंगखालच्या, रुंदीएवढी किंवा तिच्याहून थोडी जास्त हवी. फार अरुंद असला तर हात स्कीच्या बाजूला घासतात आणि वेळेला खाली येतच नाहीत. फार रुंद असला तर बाहेर शिंगं काढून बसतो. 90 मिलिमीटरच्या पार्क स्कीवर (रेल-बॉक्सच्या मैदानात वापरायच्या) कुणी 115 चा ब्रेक लावला असेल, तर तो वाकला याचा दोष मी ब्रेक बनवणाऱ्याला देणार नाही. मावसभावाने सेकंडहॅण्ड घेतलेल्या जोडीत नेमकं तेच झालेलं होतं.

ब्रेक नीट वर उचलला जात नाही, याची कारणं दरवेळी मोडतोडीत शोधू नयेत. पेडलखाली बर्फ गच्च बसला असेल. बुटाची टाच डांबरी रस्त्यावर चालून झिजली असेल आणि पेडल पुरेसं दाबलं जात नसेल. बुटाचा तळवा त्या बाइंडिंगला जुळणारा नसेल. मेण लावताना ब्रेक वर धरून ठेवणारं रबर तसंच राहिलं असेल, तर तो खाली येणार नाही, आणि हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं.

वाकलेला हात पक्कडीने सरळ करता येतो. एकदा केला तर चालतो. पुन्हा पुन्हा केला की त्याच जागी पोलाद थकतं आणि मग तो वाकायच्या ऐवजी तुटतो, बहुधा रेलवरच. तरीही ब्रेकचा हा बिघाड मला प्रामाणिक वाटतो, कारण तो आधी दिसतो. लीश असा इशारा देत नाही. ऊन आणि खारं पाणी तिला आतून कडक करतं, खडकावर किंवा बोर्डाखालच्या फिनच्या धारेवर बसलेली बारीकशी चीर दिसत नाही, आणि मोठ्या लाटेत ती एकदम तुटते. घरी बसून दोरीवरून नख हळूहळू फिरवत न्यावं, जिथे नख अडेल तिथे चीर आहे. ती लीश बदलून टाकायची, तिला गाठ मारून वापरायची नाही.

पार्कात ब्रेक काढून टाकणारे आहेत, हे खरं. अडकायला काही नको, वाकायला काही नको, असा त्यांचा हिशेब. पण मग बाइंडिंग सुटल्यावर स्की मोकळी खाली धावते, आणि रेलच्या खाली पुढच्या पोराची रांग उभी असते. आणि लीश बांधली तर? रेलवरचं पडणं बहुतेकदा लोखंडावर आणि फिरत्या अंगाने होतं. त्यात धारदार कडांची तीन किलोची वस्तू पायाला बांधून घेणं म्हणजे जो धोका 50 वर्षांपूर्वी सोडला तोच पैसे देऊन परत विकत घेणं. काही स्नोबोर्डवाले लीश मिरवतात, पण त्यांचा बोर्ड दोन्ही पायांना पक्का असतो आणि पडताना सुटतच नाही, त्यामुळे त्यांचं उदाहरण इथे लागू पडत नाही.

मार्कर, टिरोलिया, सालोमन, लूक या सगळ्यांकडे अनेक बाइंडिंगसाठी वेगवेगळ्या रुंदीचे ब्रेक सुटे मिळतात. एका कंपनीचा दुसरीला बसत नाही, आणि एकाच कंपनीतही मॉडेल जुळावं लागतं. मावसभावाला 95 च्या आसपासचा, त्याच्याच मॉडेलचा ब्रेक पुरेल, आणि तो तिकडच्या दुकानातच बसवून घ्यावा, कारण टाचेचा भाग खोलल्यावर बुटाशी जुळणी पुन्हा तपासावी लागते. ज्यांची स्की घरीच, गोव्यात, असते त्यांना एकच काळजी वेगळी घ्यावी लागते. जूनपासून माळ्यावरची दमट हवा ब्रेकच्या स्प्रिंगला आणि स्क्रूंना गंज चढवते. ठेवण्याआधी ब्रेक कोरडा पुसावा, जोडी एकमेकांत अडकवून न ठेवता सुटी, ब्रेक खाली सोडलेला ठेवावा, आणि गुलमर्गचं तिकीट काढण्याआधी तो अंगठ्याने दाबून खटका ऐकावा.