समघटकांचे विखंडन (वस्तुमान वर्णपटमिती)

रेणुसूत्र एकच, पण अणूंची जोडणी वेगळी, अशा कार्बनी संयुगांना समघटक म्हणतात. त्यांचे रेणुवस्तुमान सारखेच असल्याने नुसत्या वजनावरून ती ओळखू येत नाहीत. रेणू फोडला की पडणारे तुकडे मात्र बहुधा जोडणीचा पत्ता देतात.

वस्तुमान वर्णपटमितीच्या, म्हणजे तुकड्यांचे वस्तुमान मोजण्याच्या तंत्राच्या, नेहमीच्या पद्धतीत संयुगाच्या वाफेवर ७० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सोडतात. रेणूतून एक इलेक्ट्रॉन उडवायला साधारण १० पुरतात. उरलेल्यापैकी काही ऊर्जा आयनात (भारित झालेल्या रेणूत) शिरते आणि बंध तुटतात. उपकरणाला फक्त भारित तुकडे दिसतात. गळून पडलेला उदासीन तुकडा वजाबाकी करून शोधावा लागतो.

दुखऱ्या सांध्यावर चोळायच्या मलमाचा उग्र वास असतो तो मिथिल सॅलिसिलेटचा. क्रीम-लोशन टिकावे म्हणून घालतात ते मिथिलपॅराबेन त्याचेच समघटक; दोघांचेही वस्तुमान १५२. सॅलिसिलेटमध्ये हायड्रॉक्सिल गट एस्टर गटाला खेटून असतो. त्याचा हायड्रोजन शेजारच्या मिथॉक्सी गटाकडे सरकतो आणि ३२ वजनाचा मिथेनॉल पूर्ण रेणू होऊन निघून जातो. वर्णपटात, म्हणजे कोणत्या वजनाचे किती तुकडे आले याच्या आलेखात, ठळक शिखर १२० वर येते. पॅराबेनमध्ये तोच गट वलयाच्या दुसऱ्या टोकाला, तिथून हात पोहोचत नाही. मग ३१ वजनाचा मिथॉक्सी मूलक (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला तुकडा) तुटतो आणि शिखर येते १२१ वर. एका एककाचा फरक, पण निकाल निर्विवाद. गट शेजारी (ऑर्थो स्थानी) असल्याने घडणाऱ्या या प्रकाराला ऑर्थो परिणाम म्हणतात.

कीटोनांतही असेच. ८६ वजनाच्या २-पेंटॅनोनमध्ये गॅमा कार्बनावरचा (ऑक्सिजन जोडलेल्या कार्बनापासून पुढच्या तिसऱ्या कार्बनावरचा) हायड्रोजन ऑक्सिजनकडे जातो, एथिलीन सुटते आणि ५८ चे शिखर मिळते. ही मॅक्लॅफर्टी पुनर्रचना. ३-पेंटॅनोनमध्ये गॅमा कार्बनच नाही. तिथे ५७ आणि २९ ठळक दिसतात.

तिन्ही झायलिनांपुढे (बेंझीन वलयावर दोन मिथिल गट असलेल्या ऑर्थो, मेटा आणि पॅरा या समघटकांपुढे) मात्र ही पद्धत हात टेकते. १०६ वजनाच्या आयनाचे वलय रुंदावून सात कार्बनांचे होते, मिथिल गट कुठे होता याची खूण पुसली जाते आणि तिघांचेही मुख्य शिखर ९१ वरच येते. वर्णपटांच्या संग्रहाशी जुळणी करून संगणक जे पहिले नाव सुचवतो, त्यावर इथे विसंबू नये. वायुवर्णलेखनाच्या (वाफ लांब नळीतून, म्हणजे स्तंभातून, पाठवून घटक वेगळे करण्याच्या तंत्राच्या) साध्या अध्रुवीय स्तंभातून ऑर्थो वेगळे निघते. मेटा आणि पॅरा बहुधा एकत्रच बाहेर पडतात, म्हणून कित्येक अहवालांत त्या दोघांचा आकडा एकत्र छापलेला असतो.