गोळ्या सुटतात, बेडाक्विलिन सुटत नाही

‘गोळ्या उष्ण पडल्या म्हणून बंद केल्या’ हे एमडीआर टीबीच्या, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या, रुग्णाच्या घरी हमखास ऐकू येणारं वाक्य. शेजारी गुलकंद सुचवणारा कुणीतरी असतोच! उष्णतेचं खापर चुकीचं असलं तरी त्रास खरा असतो. यातल्या लिनेझोलिड या औषधाने तळपायांची आग होते, मुंग्या येतात, रक्त कमी होतं. जास्त महिन्यांच्या कोर्समधल्या क्लोफाझिमिन या औषधाने कातडी काळवंडते, आणि लग्नाचं बघत असलेल्या मुलीला ते फार जड जातं. त्यातच दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं. मग मजुरी बुडवून गोळ्या आणायला कोण जाणार? अशा माणसाला ‘बेफिकीर’ म्हणणं मला पटत नाही.

पण गोळी बंद म्हणजे औषध बंद, असं नसतं.

भारतात २०२४ मध्ये मंजूर झालेल्या सहा महिन्यांच्या कोर्समध्ये चार औषधं आहेत: बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लोक्सासिन. एका औषधाला दाद न देणारे थोडे जंतू कोट्यवधींत आधीपासून असतातच, ते दुसऱ्या औषधाने मरतात. सगळ्या गोळ्या एकदम सोडल्या की लिनेझोलिड साधारण पाच तासांत निम्मं होतं. आठवड्याभरात बाकीची तिन्ही औषधं संपतात. बेडाक्विलिन मात्र पेशींतल्या स्निग्ध पदार्थांत मुरून बसतं. शेवटच्या टप्प्यात ते निम्मं व्हायला सुमारे साडेपाच महिने लागतात.

म्हणजे कित्येक आठवडे जंतूसमोर एकच औषध, तेही दिवसेंदिवस विरळ होत जाणारं. बेडाक्विलिन जंतूचा एटीपी सिंथेज, म्हणजे ऊर्जा बनवणारा एन्झाइम, बंद पाडतं. पण जंतूच्या आवरणात औषध बाहेर फेकणारा एक पंप असतो. आरव्ही०६७८ या जनुकाचं प्रथिन त्या पंपाचं उत्पादन आवरून धरतं. जनुकात बिघाड झाला की पंप वाढतात. भरपूर औषधापुढे असा जंतू बहुधा तगत नाही, कारण त्याची प्रतिकारशक्ती थोडीच वाढलेली असते. विरळ औषधात साधे जंतू दबतात आणि हा मात्र वाढतो.

तोच पंप क्लोफाझिमिनही बाहेर टाकतो. त्यामुळे रुग्णाने कधी न घेतलेलं औषधही निकामी होऊ लागतं. खोकल्यातून हा जंतू घरातल्या दुसऱ्याला लागला, तर त्याच्या उपचारात ही दोन्ही औषधं पहिल्या दिवसापासून लंगडी.

तळपायांची आग सुरू होताच डॉक्टर लिनेझोलिड ६०० वरून ३०० मिलिग्रॅमवर आणू शकतात, काही वेळा तेवढंच थांबवूही शकतात. त्यासाठी गोळ्या देताना ‘पायाला मुंग्या येतात का?’ एवढं दर वेळी कुणीतरी विचारायला हवं.