दुसऱ्या दिवशी या

‘पाळीचा दुसरा दिवस रविवारी आला तर?’ डॉक्टर ‘पाळीच्या दुसऱ्या दिवशी तपासणीला या’ म्हणतात, तेव्हा मूल होण्यासाठीचे उपचार नुकतेच सुरू केलेल्या जोडप्यांचा हा अगदी सुरुवातीचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. मंगळवेढ्याहून किंवा अक्कलकोटहून एसटीने सोलापूरला यायचं म्हणजे दिवस मोडतो. यंत्रमागावर काम असेल तर खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी गेली. मग डॉक्टर याच दिवसाचा हट्ट का धरतात?

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाईच्या शरीरातली इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं सगळ्यात खाली असतात. त्या वेळी मेंदूकडून येणारं एफएसएच, म्हणजे अंडं वाढवायला लावणारं संप्रेरक, किती आहे हे मोजलं, तर अंडाशयाला कामाला लावण्यासाठी मेंदूला किती जोर लावावा लागतोय ते कळतं. याच वेळी सोनोग्राफीत अंडाशयातल्या, अंडी ज्यांत वाढतात त्या बारीक पुटिका मोजता येतात, आधीच्या महिन्याची एखादी गाठ शिल्लक नाही ना हेही दिसतं. आठ दिवसांनी हाच आकडा काढला तर त्याचा अर्थ लावता येत नाही. नुसता डाग दिसला तो दिवस धरायचा नाही. नीट रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस. आणि रविवार आलाच, तर बहुतेक वेळा तिसऱ्या दिवशी गेलं तरी चालतं. फोन करून विचारावं, एवढंच.

एएमएच या रक्ततपासणीला मात्र ठरावीक दिवस लागत नाही, ती कधीही होते. या आकड्याने जितकी घबराट होते तितकी दुसऱ्या कशाने होत नसेल. एएमएच अंडाशयात साठा किती उरलाय याचा अंदाज देतं. अंड्यांचा दर्जा ते सांगत नाही. दर्जा मुख्यतः वयावर असतो. मुलगी जन्मते तेव्हा तिच्याकडे दहा ते वीस लाख अंडी असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि आयुष्यभरात जेमतेम चारशे-पाचशे फुटतात, म्हणजे पिकून अंडाशयाबाहेर पडतात. त्यामुळे तिशीच्या आतल्या, पाळी नियमित असलेल्या बाईचं एएमएच कमी आलं म्हणजे दारं बंद झाली असं नाही. हातात वेळ कमी आहे, इतकाच त्याचा अर्थ.

पहिला एक-दीड महिना असा तपासण्यांतच जातो. ‘औषध तर काहीच दिलं नाही’ अशी कुरकुर घरी होते. पण अडचण अंड्यात आहे, गर्भाशयाच्या नळ्यांत आहे की शुक्राणूंत, हे कळल्याशिवाय दिलेलं औषध म्हणजे अंधारात मारलेला दगड. आणि इथेच आपल्याकडे एक गोष्ट हटकून उलटी होते. बाईची रक्ततपासणी, सोनोग्राफी, कधी कधी दुर्बिणीची तपासणीसुद्धा होऊन जाते, आणि नवऱ्याची वीर्यतपासणी शेवटी. खरं तर सगळ्या यादीत तीच सगळ्यात स्वस्त, बिनदुखती आणि झटपट. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडची अडचण, एकटी किंवा बाईच्या अडचणीच्या जोडीने, असतेच. डॉक्टर पहिल्या भेटीत दोघांना बोलावतात ते या हिशोबानेच.

या तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचा असतो. नमुना तासाभराच्या आत प्रयोगशाळेत पोचायला हवा आणि तो फार गार किंवा गरम होता कामा नये. मोहोळहून एप्रिलच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीतून डबी आणली तर रिपोर्ट उन्हाचा येईल, माणसाचा नव्हे. लांबच्यांनी तिथेच खोलीत नमुना द्यावा. संकोच वाटतो, पहिल्या वेळी जमत नाही असंही होतं. कर्मचाऱ्यांना त्याची सवय असते.

रिपोर्ट वाचताना २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांची आठवण ठेवावी: एका मिलिलिटरमध्ये १.६ कोटी शुक्राणू, त्यातले ४२ टक्के हलणारे आणि अवघे ४ टक्के ठीक आकाराचे, ही खालची पातळी. म्हणजे शंभरातले पंचाण्णव बेढब असले तरी रिपोर्ट ठीकच. हे आकडे काढले ते वर्षभरात ज्यांच्या बायकांना दिवस राहिले अशा पुरुषांच्या तपासण्यांवरून. त्यांच्यातही शंभरात पाच जण या रेषेखालीच होते. तेव्हा एका वाईट रिपोर्टवरून कुणी कुणाला नावं ठेवू नयेत. तो पुन्हा करायचा असतो.

पुन्हा म्हणजे कधी? शुक्राणू तयार व्हायला साधारण ७२ ते ७४ दिवस लागतात, पुढे बाहेर पडायच्या वाटेवर आणखी काही दिवस. मागावरून आज उतरलेली चादर ज्या ताण्यावर विणली तो कधीचाच भरलेला असतो, तसाच हा मामला. जूनमध्ये डेंग्यूचा ताप येऊन गेला तर ऑगस्टचा रिपोर्ट पडलेला दिसू शकतो, आणि आज तंबाखू सोडली तर फरक बघायला तीन महिने थांबावं लागतं. आठवड्यात शुक्राणूंची संख्या दुप्पट करणारी पावडर विकणाऱ्याला हे ७४ दिवस ठाऊक नसतात, किंवा चांगलेच ठाऊक असतात.

वृषणं शरीराबाहेर असतात कारण त्यांना बाकी शरीरापेक्षा दोन-चार अंश गारवा लागतो. सोलापूरच्या उन्हाळ्याला इलाज नाही, पण बेकरीच्या भट्टीपुढे किंवा सूत रंगवायच्या कढईशेजारी दिवसभर उभं राहणाऱ्याने आपलं काम काय ते डॉक्टरांना जरूर सांगावं. विड्या वळताना रोज तंबाखू हाताळणाऱ्या बाईनेही सांगावं. आणि व्यायामशाळेत दंड फुगवण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली असतील तर ते लपवू नये. बाहेरून हे संप्रेरक मिळालं की मेंदू वृषणांना निरोप पाठवणं थांबवतो, आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. इंजेक्शनं बंद केल्यावर बहुतेकांचे परततात, पण त्यात कित्येक महिने जातात.

नळ्यांची तपासणी म्हणजे एचएसजी. पाळी थांबल्यावर आणि अंडं फुटायच्या आधी गर्भाशयात रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढतात. पाळीसारख्या कळा येतात, काहींना जोराच्या. आधी वेदनाशामक गोळी घेता येते का हे विचारण्यात लाज नाही. आपल्या देशात नळ्या बंद होण्यामागे क्षयरोग हे मोठं कारण आहे. खोकला नाही, ताप नाही, तरी हा रोग नळ्यांत दबा धरून बसलेला असू शकतो. म्हणून ‘मला कुठे टीबी आहे?’ असं म्हणून क्षयरोगाची तपासणी टाळू नये.

अंडं वेळेवर फुटत नसेल, बहुधा पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडामुळे पाळी आणि अंडं फुटणं अनियमित होण्याचा त्रास) असेल, तर पाच दिवसांच्या गोळ्यांनी सुरुवात होते. बहुधा लेट्रोझोल. ही गोळी मूळची स्तनांच्या कर्करोगावरची, त्यामुळे मोबाइलवर नाव शोधणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ती काही काळ इस्ट्रोजेन कमी करते, मेंदूला वाटतं अंडाशय झोपलंय आणि तो एफएसएच वाढवतो. एवढंच तिचं इथलं काम. २०१४ च्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत पीसीओएस असलेल्या बायकांपैकी लेट्रोझोलवर २७.५ टक्क्यांना बाळ झालं, क्लोमिफेन या जुन्या गोळीवर १९.१ टक्क्यांना.

मग फॉलिक्युलर स्टडी. दहाव्या-बाराव्या दिवसापासून दर एक-दोन दिवसांनी सोनोग्राफी, पुटिका १८ ते २० मिलिमीटरची होईपर्यंत. खाडे होतात ते इथे. आपलं गाव लांब असेल तर गावाजवळ सोनोग्राफी करून रिपोर्ट पाठवला तर चालेल का, हे आधीच ठरवून घ्यावं. पुटिका तयार झाली की फुटण्याचं इंजेक्शन, आणि साधारण ३६ तासांनी आययूआय: वीर्य धुऊन, चपळ शुक्राणू निवडून गर्भाशयात सोडणं. दोन मिनिटांचं काम.

निरोगी तरुण जोडप्याला एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता निसर्गतःच २० ते २५ टक्के असते. आययूआयची एका वेळची शक्यता दहा-पंधरा टक्के, वयाप्रमाणे कमी-जास्त. बारा टक्के धरले तर तीन वेळा मिळून छत्तीस होत नाहीत. दर वेळी न राहण्याची शक्यता ८८ टक्के, तिचा तीनदा गुणाकार ६८, म्हणजे यश बत्तीसच्या आसपास. पहिल्या खेपेला नाही झालं म्हणून डॉक्टर बदलणाऱ्यांनी हा गुणाकार करून बघावा. उलट सहा-सहा, आठ-आठ आययूआय करत बसणंही बरोबर नाही, विशेषतः बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर.

आयव्हीएफची पाळी सगळ्यांवर येत नाही. आली तर दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं, भूल देऊन अंडी काढणं, प्रयोगशाळेत गर्भ तयार करून तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी तो गर्भाशयात ठेवणं. पोट फुगून दम लागला, लघवी कमी झाली तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. खर्च लाखाच्या पुढे जातो आणि आरोग्य विमा बहुतेक वेळा तो उचलत नाही. पॅकेजमध्ये इंजेक्शनं धरली आहेत का, गर्भ गोठवून ठेवण्याचे पैसे वेगळे का, हे लिहून मागावं. २०२१ च्या कायद्यानुसार अशा केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. या उपचारांसाठी बाईचं वय २१ ते ५०, पुरुषाचं २१ ते ५५ हवं. ‘मुलगाच होईल’ असं कुणी सुचवलं तर तिथून उठावं. १९९४ च्या कायद्यानुसार तो गुन्हा आहे.

आययूआय किंवा गर्भ ठेवल्यानंतरचे दोन आठवडे सगळ्यात लांब वाटतात. या काळात पलंगावर पडून राहिल्याने गर्भ राहतो याला पुरावा नाही. बाईने भाकरी थापावी, कामावर जावं. पपई खाल्ली का, जिना चढलीस का, ही सासू-नणंदांची चौकशी हसून सोडून द्यावी. मेडिकलमधून किट आणून रोज सकाळी तपासत बसू नये. फुटण्याच्या इंजेक्शनात बहुधा एचसीजी, म्हणजे गर्भ रुजल्यावर शरीरात तयार होणारं संप्रेरकच असतं, किटही तेच शोधतं, आणि इंजेक्शनातलं एचसीजी आठ-दहा दिवस शरीरात रेंगाळतं. त्यामुळे खोट्या दोन रेघा उमटतात. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला रक्तातलं बीटा एचसीजी करावं. ते ‘आहे’ असं आलं तर ४८ तासांनी पुन्हा, आकडा चढतोय का ते बघायला. गर्भाचे ठोके सोनोग्राफीत दिसतात ते सहाव्या-सातव्या आठवड्यात, आणि हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात.