पश्चिम सहाराच्या सार्वमताचा अर्ज : पात्र कोण, कागद कोणते?

मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाच्या फेऱ्यात अडकलेल्या माणसाला 1 जानेवारी 2000 ही तारीख पाठ असते. त्याआधीचा पुरावा असेल तर घर मोफत. मग परिशिष्ट-2 मध्ये, म्हणजे पात्र रहिवाशांच्या यादीत, नाव शोधायचं. पश्चिम सहारातल्या माणसालाही असंच एक साल चिकटलंय : 1974.

पश्चिम सहारा ही आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यावरची स्पेनची जुनी वसाहत. 1963 पासून संयुक्त राष्ट्रांच्या अ-स्वशासित प्रदेशांच्या यादीत. 1976 साली स्पेन निघून गेला, मोरोक्को आणि मॉरिटानिया आत शिरले आणि पोलिसारिओ ही तिथली स्वातंत्र्यवादी संघटना त्यांच्याशी लढायला उभी राहिली. 1991 मध्ये युद्धबंदी झाली. तोडगा ठरला तो वसाहतमुक्तीचा, म्हणजे तिथल्या लोकांनीच मत द्यायचं : स्वातंत्र्य की मोरोक्कोत विलीनीकरण. मत घ्यायला संयुक्त राष्ट्रांनी 'मिनुर्सो' ही मोहीम पाठवली. जानेवारी 1992 मध्ये मतदान व्हायचं होतं.

पण तिथले लोक म्हणजे कोण? सगळी भानगड इथे आहे.

तेव्हाचा नियम असा : अर्जदाराचं वय 18 पूर्ण हवं आणि पाचांपैकी एक निकष बसायला हवा. स्पेनने 1974 मध्ये केलेल्या जनगणनेत नाव असलं तर प्रश्नच मिटला. त्या वेळी तिथेच राहत होता, टोळीही तिथलीच, पण मोजणारा तंबूपर्यंत पोचला नाही, असं असेल तरी चालेल. या दोन्ही गटांतल्यांचे आईवडील किंवा मुलं पात्र. वडील सहारावी, म्हणजे तिथल्या टोळ्यांपैकी, आणि त्यांचा जन्म त्या प्रदेशातला, हा चौथा. पाचवा निकष टोळीतल्या अशा माणसासाठी, जो 1 डिसेंबर 1974 पूर्वी सलग सहा वर्षं किंवा अधूनमधून मिळून बारा वर्षं तिथे राहिला. पोलिसारिओला जनगणनेच्या यादीपलीकडे फारसं जायचं नव्हतं. मोरोक्कोचा सगळा भर शेवटच्या दोन निकषांवर. का, ते उघड आहे : जितके 'आपले' जास्त, तितकी मतं जास्त.

आता कागदपत्रं. स्पॅनिश काळातला ओळखीचा कागद असला तर उत्तम. पण उंटांमागे फिरणाऱ्या माणसाकडे जन्मदाखला कुठून येणार? म्हणून तोंडी साक्षही धरली. टोळीचे शेख समोर बसायचे, दोन्ही बाजूंचा एकेक. चाळीच्या पुनर्विकासात भाडेकरू कोण हे ठरवायला एक माणूस विकासकाचा आणि एक रहिवाशांचा बसवावा, तसं. एक म्हणायचा ओळखतो, दुसरा म्हणायचा कधी पाहिला नाही.

ओळख पटवण्याचं काम ऑगस्ट 1994 मध्ये सुरू झालं, 1996 मध्ये बंद पडलं, 1997 च्या शेवटी पुन्हा चालू झालं. जवळपास दोन लाख लोकांची तपासणी झाली आणि त्यांतले सुमारे 86 हजार पात्र ठरले. 1 लाख 30 हजारांवर अपिलं आली. एकेका अपिलाला पुन्हा शेख, पुन्हा साक्ष. सार्वमत झालंच नाही. या सगळ्यात भारताने 1985 साली पोलिसारिओने जाहीर केलेल्या सहारावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली होती, तीही 2000 साली मागे घेतली.

एक अर्ज मात्र अजून करता येतो. दर ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या चौथ्या समितीपुढे याचिकाकर्त्यांना बोलू देतात. समितीच्या अध्यक्षांच्या नावे मुदतीत विनंतीपत्र पाठवायचं, कुठल्या प्रदेशाबद्दल बोलणार ते लिहायचं. टोळी किंवा जनगणनेचा पुरावा लागत नाही. मोजकी मिनिटं मिळतात.